दोन्ही पिकर नवे बसवलेत का?

आईनं किंमत विचारली आणि मी खरी सांगितली, ही पहिली चूक.

"साडेतीन हजार? आन ह्याला आवाज कुठाय?"

आवाज खरंच नव्हता. पंचवीस पट्ट्यांचा, सेकंडहँड घेतलेला मिडी कीबोर्ड. आत ना सूर, ना स्पीकर. पट्टी दाबली की तो लॅपटॉपला फक्त निरोप धाडतो: अमुक नंबरची पट्टी, तमुक जोरानं दाबली. सोडली की दुसरा निरोप, सोडली म्हणून. पट्ट्यांचे नंबर ० ते १२७, जोरही ० ते १२७ च्या मापात. १९८३ साली ठरलेली ही निरोपाची पद्धत अजून चालते. हे सगळं मी आईला नीट समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे नुसत्या चिठ्ठ्या. मग गाणार कोण?"

गाणारं लॅपटॉपात होतं. पण ते गातं कसं, हे तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात डिस्पॅचला आहे. गुरुवारी भजनाला पेटी धरतो. कॉलेजात असताना गणपतीतल्या एका ऑर्केस्ट्रात कीबोर्डवर होतो, म्हणजे मुख्य कीबोर्डवाल्याला जमत नसेल त्या दिवशी. तिथं आवाजाला नाव नसायचं, नंबर असायचा. "एकोणपन्नास लाव" म्हणजे स्ट्रिंग्ज. ५ म्हणजे इलेक्ट्रिक पियानो, १०५ वर सितार, ११२ वर सनई. जनरल मिडी नावाची १२८ आवाजांची ठरलेली यादी आहे, १९९१ ची. ती पाठ असली की निम्मं काम झालं. आमच्या गल्लीत एक सनईवाले मामा राहायचे. त्यांना मी एकदा मोठ्या हौसेनं ती ११२ नंबरची सनई ऐकवली. त्यांनी ऐकली, पान थुंकून आले आणि विचारलं, "हिला फुंकर कुठं मारली?" मी हसून सोडून दिलं. पुढं वीस वर्षं यादीतूनच आवाज निवडत राहिलो.

गाणं रचायचं सॉफ्टवेअर घेतलं ते एलएमएमएस. फुकट आहे, आणि ऑफिसनं मोडीत काढलेल्या चार जीबीच्या लॅपटॉपवर कुरकुर न करता चालतं. त्यात ट्रिपल ऑसिलेटर नावाचा साधा सिंथ, म्हणजे आवाज घडवायचं यंत्र, मिळतो. नुसता उघडला की तीन ऑसिलेटर, म्हणजे कंपन काढणारे तीन भाग, तिन्ही साइन नावाच्या साध्या लाटेवर, एकाखाली एक सप्तकाच्या अंतरानं. आवाज येतो तो कान तपासायच्या मशिनसारखा, गोल आणि बिनचेहऱ्याचा. साहजिकच मी प्रीसेटची, म्हणजे आधीच करून ठेवलेल्या आवाजांची, यादी उघडली. पंधरा दिवस नुसते प्रीसेट वाजवले आणि आवडलेले वहीत नंबर टाकून लिहून काढले. सत्तावीस भरले. सवय कुठं जाणार.

मोडता घातला पुतणीनं. नववीत आहे. तिनं हेडफोन लावून सगळे ऐकले आणि म्हणाली, "काका, तेवीस नंबरचा भारीय, पण टोचायलाय. जरा बोथट कर की." मी बटणं फिरवली. एकानं आवाज गेला, दुसऱ्यानं पाण्यात बुडाला, तिसऱ्यानं काय झालं ते दोघांनाही कळलं नाही. ती म्हणाली, "राहू दे." तिचं ते 'राहू दे' मला लागलं. त्या रात्री वही बाजूला ठेवली, तीनपैकी दोन ऑसिलेटरचा आवाज शून्यावर आणला आणि एकच घेऊन बसलो.

ऑसिलेटरला लाटेचा आकार निवडायची बटणं असतात, त्यातली चार महत्त्वाची. साइनमध्ये एकच कंपन. सॉ म्हणजे करवतीचा दाता: मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशी सगळी कंपनं त्यात असतात, दुसरं निम्म्या जोरानं, तिसरं तिसऱ्या हिश्शानं, दहावं दहाव्या. स्क्वेअरमध्ये फक्त विषम, पहिलं, तिसरं, पाचवं, म्हणून तो पोकळ वाटतो, नळकांड्यातून आल्यासारखा. ट्रँगलमध्येही विषमच, पण ती इतक्या भराभर मंदावतात (तिसरं नवव्या हिश्शावर, पाचवं पंचविसाव्या) की ऐकायला तो साइनचा धाकटा भाऊ. एवढं मी वाचलं होतं आणि मला कळलंय असं समजून होतो.

मग मे महिना आला. सोलापूरचा मे ज्यांना माहीत आहे त्यांना पत्र्याच्या खोलीत रात्री काय होतं ते सांगायला नको. लॅपटॉप उचलला आणि गच्चीवर सतरंजी टाकून बसलो. पांढरी सहाचा (पेटीच्या सहाव्या पांढऱ्या पट्टीचा) खर्ज, ११० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला ११० कंपनं, सॉवर. त्याला लो-पास फिल्टर लावला. हा फिल्टर कटऑफच्या, म्हणजे आपण ठरवलेल्या सीमेच्या, खालचं जाऊ देतो आणि वरचं दाबत जातो. रेझोनन्सचं बटण बरंच वाढवलं, म्हणजे कटऑफच्या नेमक्या कडेवर जे कंपन येईल ते फुगून वर येतं. कटऑफ पार तळाला नेला आणि माउसनं केसभर केसभर वर ओढायला लागलो.

आधी सा. मग वरचा सा. मग पंचम. मग त्याच्याही वरचा सा. अजून किंचित सरकलो, आणि कानात गंधार उभा राहिला.

पट्टी मी एकच दाबलेली होती.

लहानपणी पेटीच्या क्लासला आमचे मास्तर तंबोरा जुळवताना सगळ्या पोरांना गप्प बसवायचे. तारा लागल्या की डोळे मिटून विचारायचे, "बोलला का गंधार?" तंबोऱ्यावर गंधाराची तार नसते, तरी तो ऐकू येतो म्हणे. सगळी पोरं एका सुरात "हो मास्तर". मीही. मला तो कधीच ऐकू आला नव्हता. शेजारचा पोरगा हो म्हणतोय तर आपण कशाला मार खा, एवढंच. तो गंधार चौतीस वर्षांनी गच्चीवर सापडला: सॉमधलं पाचवं कंपन, ५५० हर्ट्झ. पेटीच्या पट्टीवरचा त्या जागेचा गंधार ५५४ च्या आसपास पडतो, म्हणजे हा त्याच्यापेक्षा जरा उतरलेला, निवांत. त्याच्या पुढं सहावं कंपन, पुन्हा पंचम. आणि सातवं तर पेटीवर नाहीच. कोमल निषादाच्या शेजारचं, पण त्याहून खाली, दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शानं. भजनात असा निषाद लावला तर टाळकरी मागं वळून बघतील.

मी ते वर-खाली दहा-बारा वेळा ऐकलं. पलीकडच्या गच्चीवर झोपलेले काका उठून बसले आणि हातवारे करून तेलुगूत काहीतरी बोलायला लागले, तेव्हा लक्षात आलं की सापडलेला प्रत्येक सूर मी मोठ्यानं 'आ' लावून तपासत होतो. हेडफोन माझ्या कानात होते, त्यांच्या नव्हते.

दुसऱ्या दिवशी पुतणीला बोलावून तेवीस नंबर उघडला, कटऑफ थोडा खाली घेतला आणि रेझोनन्स कमी केला. "आत्ता कसं," म्हणाली. दहा सेकंदांचं काम होतं.

एन्व्हलपनं, म्हणजे आवाज कसा चढतो-उतरतो ते ठरवणाऱ्या भागानं, मात्र महिनाभर छळलं. चूक माझीच. अटॅक, डीके, सस्टेन, रिलीज अशी चार बटणं ओळीत दिसतात, म्हणून मी चारही वेळेची धरली. अटॅक म्हणजे आवाज चढायला लागणारा वेळ, डीके म्हणजे तिथून उतरायला लागणारा, रिलीज म्हणजे पट्टी सोडल्यावर विरायला लागणारा. तिघं वेळ सांगतात. सस्टेन सांगतो उंची: उतरून झाल्यावर, पट्टी दाबलेली आहे तोवर आवाज कुठल्या पातळीला धरून ठेवायचा. मला तबल्यासारखा तुटक ठोका हवा होता, म्हणून 'थोडाच वेळ टिकू दे' म्हणत मी सस्टेन थोडासा ठेवायचो, आणि तो ठोका बारीक आवाजात पट्टी सोडेपर्यंत रेंगाळत राहायचा, वऱ्हाड गेल्यावरही न उठणाऱ्या पाहुण्यासारखा. सस्टेन शून्य केला आणि ठोका वाजला. एलएमएमएसमध्ये डिले आणि होल्ड अशी आणखी दोन बटणं त्याच ओळीत आहेत, त्यांनी गोंधळात भरच घातली.

डोक्यात बसलं ते पेटीला लावून बघितल्यावर. पेटीत अटॅक भात्याच्या हातात असतो, सस्टेन पूर्ण, आणि रिलीज जवळपास नाहीच, बोट उचललं की सूर मेला. सनईत सूर सुरू होताना ओठ आणि श्वास काहीतरी करतात, तो क्षणाचा भाग कापून टाकला तर मागं नुसती पिपाणी उरते. मामांना ११२ नंबरच्या सनईत तेवढाच भाग सापडला नव्हता.

दुसरा ऑसिलेटर चालू करून चार-पाच सेंट (लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर सेंट) चढवणं हा सगळ्यात स्वस्त चमत्कार. ४४० आणि ४४१ हर्ट्झ एकत्र वाजवले की सेकंदाला एक लाट येते, आवाज फुगतो आणि ओसरतो. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा मिळवताना हीच लाट संथ करत करत थांबवायची असते. इथं ती मुद्दाम ठेवायची. पहिल्याच दिवशी मी सगळ्या आवाजांना ती लावली, आणि आठवड्यानं सगळ्यांची काढली.

भजनातले एक काका म्हणतात, हे सगळं परदेशी पोरांचं खूळ. त्यांना मी सांगितलं की १९६९ साली अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये मूग सिंथेसायझर आलेला होता, डेव्हिड ट्यूडर नावाच्या अमेरिकन संगीतकारानं तो तिथं उभा करून दिला होता. आणि १९८२ मध्ये मुंबईचे चरणजित सिंग, सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवणारे, त्यांनी रोलँडची तीन यंत्रं, ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८, घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर राग वाजवले होते. ३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरायची सोय आहे, ती ऐकली की मींडच आठवते. काका म्हणाले, "मग तू काढ की एक मींड." माझ्या ट्रिपल ऑसिलेटरला घसरण्याचं बटण नाही. पियानो रोलमध्ये, म्हणजे सूर मांडायच्या तक्त्यावर, त्या एका सुरावर उंचीची रेघ हातानं ओढावी लागते. भूपातली पंचमावरून गंधारावर येणारी एक मींड काढायला चाळीस मिनिटं गेली. पेटीवर जन्मात निघाली नसती, म्हणून चाळीस मिनिटं मला महाग वाटली नाहीत. काकांनी मोबाइलवर ऐकली आणि "गाडीचा हॉर्न वाटायलाय" म्हणाले. तेही खोटं नव्हतं.

आता मागाचं.

बाबा मिलमध्ये जॉबर होते. माग बिघडला की जॉबर. मिल बंद पडल्यावर पूर्व भागात यंत्रमागावर गेले आणि गुडघ्यांनी नकार देईपर्यंत तिथंच होते. आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. मागाच्या खडखडाटात आयुष्य गेलेल्या बहुतेकांसारखं त्यांनाही बारीक आवाज ऐकू येत नाहीत. अशा गोंगाटानं आधी ४,००० हर्ट्झच्या आसपासची श्रवणशक्ती जाते असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मोबाइलची रिंग त्यांना कळत नाही, पुतणी बोललेलं निम्मं कळत नाही. पण पलीकडच्या शेडमधला एखादा माग वेगळा चालायला लागला की ताटावरून मान वर करून म्हणतात, "तिसऱ्याचं काहीतरी बिनसलंय."

मला सिंथवर एखादा असा आवाज करून बघायचा होता जो कुठल्याच यादीत नाही. मग दूर कशाला जा. पलीकडच्या शेडमालकांना विचारून मोबाइलवर दोन मिनिटं रेकॉर्डिंग करून आणलं. मोजले तर मिनिटाला १३२ ठोके. ते लॅपटॉपात घालून स्पेक्ट्रम, म्हणजे कुठलं कंपन किती जोरात आहे त्याचं चित्र, बघितला, तर तळाला एक जाड, न हलणारी रेघ: १०० हर्ट्झ. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि मोटर गुणगुणते ती त्याच्या दुपटीवर. पांढरी पाचचा खर्ज ९८ हर्ट्झचा. साइन लावला, ३५ सेंट चढवला, आवाज अगदी कमी ठेवला. झाली मोटर. खरं सांगतो, एवढ्यानंच खोलीत शेड आल्यासारखं वाटलं.

'खट' साठी ऑसिलेटरला आकार न देता नॉइज दिला, म्हणजे नुसता फस्स आवाज. त्याला बँडपास फिल्टर, जेणेकरून मधलाच पट्टा राहील. अटॅक शून्य, डीके एवढुसा, सस्टेन शून्य (शिकलो होतो). 'धप' साठी एलएमएमएसमधला किकर घेतला. त्यात सुरुवातीची आणि शेवटची कंपनसंख्या द्यायची, आवाज वरून खाली कोसळतो. २०० वरून ६० वर आणला. टेम्पो १३२. प्रत्येक ठोक्याला एक खट आणि लगेच मागं एक धप. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर स्पीकर लावून सुरू केलं आणि बाबांकडं बघितलं.

ते खुर्चीत होते. थोडा वेळ ऐकलं. मग विचारलं, "दोन्ही पिकर नवे बसवलेत का?"

मला कळेना.

"डावीकडचा आन उजवीकडचा एकसारखा वाजायलाय. असा माग नसतो."

मग हातानं दाखवायला लागले. डाव्या हाताची मूठ झटकली: इकडनं पिकर धोट्याला मारतो. धोटा ताण्यातनं पलीकडं पळतो, बॉक्समध्ये जाऊन बसतो. फणी येऊन बाणा ठोकते. मग उजवी मूठ: आता तिकडचा मारतो, धोटा परत येतो. पिकर चामड्याचा, दोन्हीकडचा एकदम कधीच झिजत नाही. नवा असतो तो कडक बोलतो, झिजलेला मऊ. "आन उजवीकडचा जरा दमानं मारायचा, माझ्या मागाचा." असं म्हणून तोंडानं वाजवून दाखवलं: "खट्-धप, खड्-धप. खट्-धप, खड्-धप." आणि त्या दुसऱ्या 'खड्'ला दर वेळी त्यांची मान किंचित मागं राहायची.

मी तीन दिवस रेकॉर्डिंग ऐकत होतो, स्पेक्ट्रम बघत होतो. मला त्यात एकच ठोका मिनिटाला १३२ वेळा ऐकू आला होता. परत लावून ऐकलं, तर पलीकडच्या शेडमधलाही एक सोडून एक वेगळा होता.

मग तिथंच बसून दोन खट केले. पहिला डाव्या स्पीकरला, आहे तसा. दुसरा उजव्याला, बँडपास थोडा खाली ओढलेला, डीके जरा लांब, पियानो रोलमध्ये रेषेच्या केसभर मागं सरकवलेला. बाबा दर बदलाला मान हलवत होते, कधी आडवी, कधी उभी. "अजून मागं." सरकवला. "लई झालं." पुढं घेतला. "धोटा बसायचा आवाज कुठाय?" तो मी केलाच नव्हता. तिसरा ट्रॅक घेतला, किकरच, पण वरच्या पट्टीत आणि बारका. तो धपच्या आधी यायला हवा, हेही त्यांनीच सांगितलं. आई मधे येऊन म्हणाली, "तुम्ही दोघं मिळून घरात पुन्हा माग आणलाव का?"

साधारण पाऊण तासानं त्यांनी सूचना देणं बंद केलं. मला वाटलं, कंटाळले. बघितलं तर मान छातीवर टेकवून झोपलेले. स्पीकर त्यांच्यापासून दोन हातांवर, पुतणीनं कानात बोटं घातलेली, आणि हे खुर्चीत गाढ. मी आवाज तसाच चालू ठेवला आणि मोटरच्या साइनला अगदी हळू हलणारा एलएफओ, म्हणजे आवाज सावकाश कमी-जास्त करणारं कंपन, लावून बघत बसलो, व्होल्टेज कमी-जास्त होतं तशी मोटर मधूनच दबावी म्हणून.

तेवढ्यात कारखान्यातून फोन आला, एका गाडीची गठ्ठ्यांची संख्या जुळत नव्हती. बोलता यावं म्हणून मी स्पेसबार दाबला. खोली एकदम शांत झाली.

बाबांनी डोळे उघडले, वर पंख्याकडं बघितलं आणि म्हणाले, "लाइट गेली का रे?"